वाळत घातलेलं घर

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. मधून पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या. गिरगावातल्या चाळींना असते तशी बाहेरची लाकडी गॅलरी या चाळींना नाही. त्यामुळे इथल्या बिऱ्हाडांनी धुणं वाळत घालायला खिडकी धरली. खिडकीबाहेर लोखंडी दांड्या निघाल्या, दांड्यांना दोऱ्या लागल्या आणि त्यांवर पोलिसाच्या खाकीपासून गिरणी कामगाराच्या बनियनपर्यंत सगळं लटकू लागलं. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२०च्या दशकात, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. शंभर वर्षं त्यांचा दर्शनी चेहरा म्हणजे वाळणारे कपडे.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाने नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या दिल्या. ५०० चौरस फुटांचं घर, म्हणजे जुन्या खोलीच्या तिपटीहून मोठं. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की लिफ्ट, पार्किंग, कॉर्पस फंड, टाइल्स या सगळ्यांवर घसा कोरडा होईतो चर्चा होते. रोजचं बादलीभर धुणं कुठे वाळणार, हे मात्र कुणी विचारत नाही. दोरी कुठेही बांधता येते, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

ती कुठेही बांधता येत नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत राहणाऱ्या कुणालाही विचारा. 'ग्रिलला कपडे लावू नयेत' ही नोटीस गणपतीच्या वर्गणीच्या नोटिशीइतकीच नेमाने लागते. कारण विचारलं तर एक शब्द ऐकू येतो : एलिव्हेशन. इमारत रस्त्यावरून कशी दिसते, ते. एलिव्हेशन खराब झालं की भाव पडतो, असा सगळ्यांचा समज. वाळता कपडा दिसला की इमारत 'चाळीसारखी' दिसते, हे त्यामागचं खरं वाक्य, आणि ते बोलणारे पुष्कळदा चाळीतच वाढलेले असतात.

धुणं वाळवण्याकडे आपण कसं बघतो, हे शोधायला निघालं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही : माणूस जसजसा वर चढतो, तसतशी त्याची दोरी मागे सरकते. अंगणातून परसात, गॅलरीतून ड्राय बाल्कनीत, तिथून डक्टमध्ये आणि शेवटी यंत्राच्या पोटात.

गॅलरीतला कारभार

गिरगावातल्यासारख्या चाळीच्या गॅलरीत दोरी सामाईक दिसली तरी सामाईक नसे. आपल्या दारासमोरच्या दोन खांबांमधली दोरी आपली, हा अलिखित सातबारा. शेजारणीची दोरी वापरायची तर 'वाळत घालू का गं?' असं विचारायचं, आणि तिचं धुणं आलं की आपलं सरकवून घ्यायचं. भांडणं व्हायची ती वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यावरून. वरचीने न पिळलेली चादर टाकली की खालचीचं वाळत आलेलं धुणं पुन्हा ओलं. त्यात ती चादर रंग सोडणारी असेल, तर मग दोन्ही घरांच्या माहेरांचा उद्धार.

नऊवारी वाळवणं हे तर दोघींचं काम. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, झटकून पाणी उडवायचं, दुहेरी करायची आणि मग दोरीवर टाकायची. दुहेरी केली तरी चार मीटर दोरी लागणार. घराला अंगण किंवा लांब गॅलरी असणार, हे त्या वस्त्रानं गृहीतच धरलेलं. आजची ड्राय बाल्कनी पुष्कळ घरांत जेमतेम चार-पाच फूट रुंद असते. तिथे पाचवारी टाकायची तरी चार घड्या घालाव्या लागतात, आणि घडीतली साडी संध्याकाळी आतून ओलीच निघते.

दोरी वाचायची असते, हेही चाळीतल्या बायकांना ठाऊक होतं. दुपटी आणि लंगोट दिसले की बाळंतीण माहेरी आली. एकाच दिवशी तीन चादरी दिसल्या की घरात आजारपण किंवा पाहुणे. नवा खाकी शर्ट दिसला की मुलगा नोकरीला लागला. बाळाचे कपडे मात्र तिन्हीसांजेच्या आत घ्यायचे, बाहेर राहिले तर दृष्ट लागते, असं म्हातारी माणसं सांगत. त्या सांगण्यात दवाने कपडे सर्द होतात एवढं शहाणपण होतंच.

असं सगळ्यांनी सगळ्यांचं वाचणं जाचकही होतं. नव्या सुनेची साडी कोणती, कुणाचं बनियन फाटकं, कुणाकडे अजून जुनीच चादर, याची नोंद गॅलरीत ठेवली जाई. फ्लॅटमध्ये गेल्यावर सुटकेचा जो श्वास अनेकींनी टाकला, त्यात या नजरेतून सुटण्याचाही वाटा होता. दोरीच्या आठवणी काढताना हे विसरलं तर ते खोटं स्मरणरंजन होईल.

वरची दांडी, आतला अंधार

बाहेर कुणाचं काय दिसावं याचे नियम सोसायटीने केले. घरात कुणाचं काय कुठे वाळावं, याचे नियम त्याच्याही आधीपासून होते.

सोवळं पाळणाऱ्या घरांत छताजवळ एक दांडी बांधलेली असे. स्वयंपाकाचं आणि पूजेचं वस्त्र धुवून त्या दांडीवर टाकायचं, तेही काठीने. इतक्या उंचावर की येता-जाता कुणाचा धक्का लागू नये. लागला तर सोवळं मोडलं, वस्त्र पुन्हा धुवायचं. म्हणजे घरातली सर्वांत पवित्र वस्तू सर्वांत वर वाळत असे. तिच्या खाली, हाताला येणाऱ्या दोरीवर पुरुषांचे सदरे, धोतरं, मुलांचे कपडे. त्याच दोरीवर पंचाच्या किंवा परकराच्या आड बायकांचे आतले कपडे. ते थेट उन्हात कधीच नाहीत, वर काहीतरी पांघरूनच. आजही, अगदी विसाव्या मजल्यावरही, पुष्कळ घरांत हाच क्रम आहे. दोरीच्या जागी तारेचा स्टँड आला, तरी आतले कपडे मधल्या रांगेत आणि दोन्ही बाजूंना टॉवेल.

या उतरंडीच्या अगदी तळाशी पाळीची कापडं. ती दोरीवर येतच नाहीत. न्हाणीघराच्या कोपऱ्यात, माळ्यावर, गोठ्यात, पलंगाखाली, दुसऱ्या ओल्या कपड्याच्या पोटात ती वाळवली जातात. खरं तर वाळतच नाहीत, दमट राहतात. कापड वाईट नसतं. धुवून कडक उन्हात वाळवलेलं सुती कापड चांगलं चालतं. घात होतो तो लपवण्यामुळे. ओडिशातल्या रुग्णालयांत तपासलेल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा वापरायची कापडं घरात वाळवणाऱ्या आणि संडासाच्या जागेत लपवून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग अधिक आढळला. 'गूंज' ही संस्था 'नॉट जस्ट अ पीस ऑफ क्लॉथ' या नावाने याच विषयावर काम करत आली आहे. जंतुनाशक ऊन दारात फुकट पडलेलं असतं आणि ज्या कापडाला त्याची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते मिळत नाही.

लाजेची ही वाटणी करणारी आणि ती रोज हातांनी पाळणारी, दोन्ही बहुधा बाईच असते. धुणं वाळत घालणं हे घरात वेगळं काम म्हणून धरलंही जात नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या माणसांसाठीच्या बिनपगारी कामाला, हे काम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, पुरुष ८८. या २८९ मिनिटांत धुणं झटकणं, टाकणं, उलटवणं, ढग आले की धावत जाऊन काढणं आणि घड्या घालणं, हे सगळं बसतं.

दुसऱ्याच्या दोरीवर

ज्यांना परवडत होतं त्यांनी दोरी घराबाहेरच काढली. बारा बलुत्यांत परीट होता. गावाचे कपडे नदीवर जायचे, तिथेच खडकांवर, गवतावर, दोऱ्यांवर वाळायचे आणि परीटघडी होऊन परत यायचे. धुणं दिसणं हे हलकेपणाचं लक्षण, म्हणून ते दिसेल अशा जागी राहणारा माणूसही हलका, अशी ही साखळी. स्वच्छतेसाठी उभं आयुष्य वेचणारे गाडगे महाराज याच समाजातले, हे लक्षात ठेवण्यासारखं.

शहरात ही नदी महालक्ष्मीला आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेला तिथला धोबीघाट आज पुलावर उभं राहून फोटो काढण्याची जागा झाला आहे. खाली सिमेंटच्या हौद्यांच्या रांगा आणि वर हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी, हॉस्पिटलांची हिरवी कापडं, शाळांचे गणवेश. धोब्यांची जुनी कारागिरी दोरीतच आहे. दोन पेड एकमेकांत पिळून ताणलेली दोरी असते. कपड्याचं टोक त्या पिळात खुपसायचं, चिमटा लागत नाही आणि वाऱ्याने कपडा उडत नाही. कुणाचा कपडा कोणता, हे कळायला बिब्ब्याची खूण. बिब्ब्याचा डाग धुण्याने जात नाही, म्हणून शतकानुशतकं तो धोब्यांची शाई झाला. एखाद्याच्या कातडीला तो उततो, ती गोष्ट निराळी.

आता घाटावर काहींनी धुण्याची आणि सुकवण्याची यंत्रं बसवली आहेत. पावसाळ्यात त्यांना पर्याय नाही. पण पुलावरच्या पर्यटकाला बघायच्या असतात त्या दोऱ्याच. गंमत अशी की, आपल्या बाल्कनीत दोरी दिसली तर भाव पडतो असं मानणारं शहर, ही दोरी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतं. वाळते कपडे दुसऱ्याचे असले की देखावा होतो, आपले असले की अडचण.

मोफत चौरस फुटांचा इतिहास

टॉवरमध्ये दोरीला जागा का उरली नाही, याचं उत्तर चटईक्षेत्राच्या, म्हणजे एफएसआयच्या, हिशेबात आहे. मुंबईत १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या काळात बाल्कनी, फ्लॉवर बेड, व्हॉइड, ड्राय एरिया अशा मोकळ्या जागांना एफएसआयमध्ये सूट मिळत होती. हेतू चांगला होता : घराला हवा लागावी, कपडे वाळावेत, कुंड्या ठेवता याव्यात. पण जे मोफत मिळतं ते बाजारात विकता येतं. फ्लॉवर बेड भिंतीआड गेले, बाल्कन्या हॉलमध्ये मिसळल्या आणि कपडे वाळवायच्या जागा चौरस फुटाच्या दराने खपल्या. जानेवारी २०१२मध्ये नियम बदलले. या जागा एफएसआयमध्ये मोजल्या जाऊ लागल्या आणि त्याबदली निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय देण्यात आला. गैरवापर कमी झाला, पण प्रत्येक मोकळ्या फुटाला किंमत आली. बिल्डर आणि ग्राहक दोघांनीही मग तो फूट बेडरूमला देणं पसंत केलं. दोघांचाही यात दोष काढता येत नाही. भावाच्या शहरात दोरीपेक्षा पलंग महाग.

उरली ती ड्राय बाल्कनी. नावात 'ड्राय' असलं तरी तिथे वॉशिंग मशीन, गॅसचा जादा सिलिंडर, मॉप आणि एसीचं बाहेरचं यंत्र असतं. अनेक इमारतींत ती डक्टकडे उघडते, जिथे दुपारी बारालाही ऊन उतरत नाही. समोरून कबुतरजाळी. त्यामुळे धुणं शेवटी हॉलमध्ये पंख्याखाली येतं. युरोपातल्या थंड देशांत घरात धुणं वाळवण्यावर बरंच संशोधन झालं आहे. एका खेपेच्या कपड्यांतून सुमारे दोन लिटर पाणी घरातल्या हवेत जातं आणि घरातल्या एकूण दमटपणात त्याचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो, असं ग्लासगोतल्या वास्तुसंशोधकांनी दाखवलं. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दम्याच्या आणि कमकुवत प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना अशा घरांत वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीपासून सावध केलं. जुलैतल्या मुंबईत बंद हॉलमध्ये स्टँड उघडून बसलेल्या घरांना हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. भिंत स्वतःच बोलते.

पावसाळ्यातल्या कपड्यांचा तो कुबट वासही आता ओळखीचा झाला आहे. २०१२मध्ये जपानी संशोधकांनी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूकडे बोट दाखवलं. कपडा बराच वेळ ओला राहिला की तो घाम आणि तेलाच्या अंशांवर वाढतो आणि दर्प सोडतो. याउलट उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सुती टॉवेल ऑफिसात, सावलीच्या बाल्कनीत आणि उन्हात वाळवून त्यांतून निघणारे वायू तपासले. त्यांचा निबंध २०२०मध्ये आला. उन्हात वाळलेल्या टॉवेलांतून पेन्टनाल, ऑक्टनाल, नोननाल यांसारखी सुवासिक संयुगं निघाली, आतल्या टॉवेलांतून नाही. ऊन आणि ओझोन मिळून ओल्या सुतावर हा वास तयार करत असावेत, असा त्यांचा अंदाज. साबणाच्या जाहिरातींतल्या 'धूप की खुशबू'ला असं हे रासायनिक मूळ आहे.

अमेरिकेतला सोवळा प्रश्न

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आई-बाबांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला : 'एवढं मोठं बॅकयार्ड, एवढं ऊन, मग कपडे बाहेर का नाही घालायचे?' मुलगा म्हणतो, 'आई, इथे चालत नाही.' कुणाला चालत नाही? तर एचओएला, म्हणजे घरमालकांच्या संघटनेला. गवत किती इंच वाढवावं, कुंपणाला कोणता रंग द्यावा हे ठरवणाऱ्या या संघटनांपैकी अनेकांनी दोरीवर बंदी घातलेली आहे. कारण आपल्याला ऐकून पाठ झालेलं : घरांचे भाव पडतात.

त्या देशात दोरी गरिबीची खूण झाली ती आपोआप नाही. विजेवर चालणारा ड्रायर १९३८मध्ये विक्रीला आला. युद्धानंतर वीज विकायची होती, यंत्रं विकायची होती. १९५६मध्ये 'लिव्ह बेटर इलेक्ट्रिकली' ही मोहीम निघाली. जनरल इलेक्ट्रिकच्या टीव्ही कार्यक्रमाचे सूत्रधार रोनाल्ड रेगन आपलं सर्वविद्युत घर प्रेक्षकांना दाखवू लागले. दोन पिढ्यांत दोरी मागासलेपणाची निशाणी झाली. आज तिथल्या बहुसंख्य घरांत ड्रायर आहे. अग्निशमन खात्याच्या आकडेवारीनुसार २००८ ते २०१० या काळात ड्रायरमुळे घरांना लागणाऱ्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या. न काढलेला कापसाचा तंतू हे त्याचं एक मोठं कारण.

दोरीच्या बाजूने उठलेला आवाजही अमेरिकेतलाच. अणुऊर्जेला विरोध करणाऱ्या हेलन कॅल्डिकॉट यांचं भाषण ऐकून व्हर्मॉन्टमधल्या मिडलबरी कॉलेजच्या ॲलेक्झांडर ली या विद्यार्थ्याने १९९५मध्ये 'प्रोजेक्ट लाँड्री लिस्ट' सुरू केलं. त्यातून 'वाळवण्याचा हक्क' ही चळवळ बाळसं धरू लागली. कॅनडातल्या ओन्टॅरिओने २००८मध्ये दोरीवरची बंदी मोडीत काढली, पाठोपाठ व्हर्मॉन्ट आणि मेन या राज्यांनी २००९मध्ये कायदे केले. पण सर्वांत आधी जागं झालं होतं ते फ्लोरिडा. तिथल्या १९८०च्या कायद्याने सौर संग्राहक आणि कपड्यांची दोरी यांना एकाच वाक्यात बसवलं : दोन्ही नवीकरणीय ऊर्जेवर चालणारी साधनं, दोन्हींवर कुणी बंदी घालू शकत नाही.

कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये असा कायदा केला, तेव्हा मात्र बारीक अक्षरांत एक अट घातली. दोरी स्वतःच्या परसात हवी. बाल्कनी किंवा कठडा म्हणजे दोरी नव्हे. ज्याला परस आहे त्याला ऊन, फ्लॅटवाल्याने मशीन लावावं. अमेरिकेतली दोरीची मुक्तीही मागच्या अंगणापर्यंतच पोचली.

आपल्यासारखीच गर्दी असलेल्या सिंगापूरने उलट वाट धरली. तिथल्या सरकारी एचडीबी इमारतींमध्ये स्वयंपाकघराच्या मागे बांबू खोवायला नळ्या बसवूनच घरं दिली गेली. कपडे बांबूवर ओवायचे आणि बांबू बाहेर आडवा लावायचा. ओला बांबू जड, उंचावरून पडण्याचा धोका, म्हणून पुढे त्यांची जागा पक्क्या रॅकनी घेतली. मुद्दा एवढाच की, धुणं वाळणार कुठे हे घर बांधणाऱ्याने ठरवलं, राहणाऱ्यावर सोडलं नाही.

गच्चीचा हिशेब

आपल्याकडे हा प्रश्न आता गच्चीवर येऊन ठेपला आहे. गळती, अपघात, 'मुलं दंगा करतात' अशा कारणांनी पुष्कळ सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप असतं. तिथे आता सौर पॅनल येऊ लागली आहेत आणि ती यायलाच हवीत. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

आता साधा हिशेब मांडू. सहा किलो सुती कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटाच्या आत-बाहेर उष्णता लागते. साधा ड्रायर एका खेपेला अडीच-तीन युनिट घेतो. हीट पंपाचा ड्रायर त्याच्या निम्म्यात भागवतो, पण किमतीला बराच महाग. एक किलोवॉट पॅनलला गच्चीवर अंदाजे शंभर चौरस फूट लागतात आणि त्यातून महाराष्ट्रात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. म्हणजे शंभर चौरस फूट गच्चीवरच्या दिवसभराच्या उन्हाची वीज करून ती ड्रायरला दिली, तर दीडेक खेप वाळते. त्याच शंभर चौरस फुटांत चार ओळी दोऱ्या बांधल्या, तर नागपूरच्या एप्रिलमध्ये सकाळची खेप चहा होईतो वाळते आणि दुपारपर्यंत आणखी दोन होतात. मुंबईच्या जुलैत हा हिशेब चालणार नाही, तिथे खेळता वारा आणि पत्र्याचं छप्पर हवं. पण वर्षातले आठ महिने तरी तो चालतो.

तेच ऊन पॅनलवर पडलं तर 'ग्रीन' आणि चादरीवर पडलं तर 'चाळ', हा भेद भौतिकशास्त्राला ठाऊक नाही. तो आपण केलेला आहे. सोवळ्याची दांडी वर आणि पाळीचं कापड अंधारात ठेवणाऱ्या त्याच सवयीतून तो आला आहे. श्रमाची खूण दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून पुनर्विकासाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत कॉर्पस फंडाच्या आधी चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. ड्राय बाल्कनीचं तोंड कुठल्या दिशेला, आणि तिथे डिसेंबरात किती तास ऊन पडतं? तिच्यात मशीन ठेवल्यावर दोरीला किती मीटर उरतात? गच्चीचा कोणता भाग पॅनलला आणि कोणता धुण्याला, आणि किल्ली कुणाकडे? पावसाळ्यासाठी छप्पर असलेली, वारा खेळणारी सामाईक जागा कितव्या मजल्यावर? आर्किटेक्टला या प्रश्नांची उत्तरं काढायला एखादा दिवस पुरतो. नकाशा मंजूर झाल्यावर विचारले, तर पुढची पन्नास वर्षं उत्तर म्हणून फक्त नोटीस मिळते. आणि हे प्रश्न विचारायला सभेत त्या घरांतल्या बायका हव्यात. सही नवऱ्याची चालते, पण दोरीचं माप त्यांनाच ठाऊक असतं.